चेतकचा पार्ट नाना पेठेत मिळत नाही

लोहगाव, पुणे

प्रिय पोरी,

तुझा निबंध काल रात्री दोनदा वाचला. एसएसबीला, म्हणजे फौजेत अधिकारी निवडायच्या मुलाखतीला, जायच्या आधी एवढं लिहून काढलंस हेच मला फार आवडलं, बहुतेक मुलं नुसते व्हिडिओ बघून जातात. पण एक गोष्ट आधीच सांगतो, राग मानू नकोस. सहा पानांत "उडती शवपेटी" हा शब्द तू तीन वेळा वापरलायस. तो काढ. मी बत्तीस वर्षं हेलिकॉप्टरवर एअरफ्रेम फिटर, म्हणजे सांगाडा सांभाळणारा मेकॅनिक, म्हणून काम केलं, माझ्या सहीवर माणसं उडाली, आणि ज्या मशीनला लोक असं म्हणतात त्याच मशीननी सियाचिनच्या पोस्टवरून हातपाय काळेनिळे पडलेली पोरं खाली आणलेली मी बघितलीयेत. तो शब्द पेपरवाल्यांना ठीक आहे, उद्या युनिफॉर्म घालणाऱ्या मुलीच्या तोंडी नको.

आता मुद्द्यावर येतो. विषय असाय की एअरफोर्सनं जुनी हेलिकॉप्टर बदलावीत का, आणि तू लिहिलंयस हो, कारण ती साठ वर्षं जुनी आहेत. उत्तर माझंही हो च आहे, पण तुझं कारण चुकीचंय, आणि तिथं समोर बसलेला ऑफिसर त्या कारणावरच तुला धरणार.

बघ, चेतक म्हणजे मूळचं फ्रेंच अल्युएट-३, त्याचं पहिलं उड्डाण १९५९ चं, एचएएल या आपल्या सरकारी विमान कंपनीनं ते लायसन्सवर १९६० च्या दशकात बनवायला घेतलं. चीता त्याच घराण्यातलं, १९७० च्या करारातलं. म्हणजे डिझाइन जुनं हे खरं, पण एखादं ठराविक हेलिकॉप्टर साठ वर्षांचं असेलच असं नाही, कारण ती नंतरही कितीतरी वर्षं बनत होती. आणि जे बनलं त्यातलंही सगळं जुनं नसतं. ब्लेडला तास ठरलेले, गिअरबॉक्सला तास ठरलेले, इंजिन अमुक तासांनी ओव्हरहॉलला जाणारच, रबराच्या नळ्यांना तर उडो न उडो कॅलेंडरचं आयुष्य. फॉर्म ७००, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडलास तर एकेका पार्टचा जन्म आणि मरण लिहिलेलं दिसेल. त्यामुळे वय वय करू नकोस. चिनूक हे जड वजन उचलणारं हेलिकॉप्टर घे, ते १९६२ पासून अमेरिकेच्या सर्व्हिसमध्ये आहे आणि आपण २०१९ मध्ये नवीन म्हणून चंदीगडला आणलं ते त्याच घराण्यातलं, डिझाइन जुनं म्हणून कुणी नाक मुरडलं नाही.

मग म्हातारं काय होतं? तर मशीनच्या मागचं दुकान.

हे तुला पुण्याच्या भाषेत सांगतो. तुझ्या आजोबांची बजाज चेतक आठवते ना, आकुर्डीत बनलेली, निळी? ती स्कूटर बनायची बंद झाली तरी ते कितीतरी वर्षं चालवत होते, कारण नाना पेठेत गेलं की क्लच प्लेट मिळायची, ओरिजिनल नसली तर लोकल, लोकल नसली तर कुणीतरी भोसरीत लेथवर बनवून द्यायचा. बसली तर बसली, नाही बसली तर गाडी ढकलत घरी. हवेतल्या चेतकला नाना पेठ नाही. तिथं एक साधा बोल्टसुद्धा कागदाशिवाय लागत नाही, कुठल्या धातूचा, कुठल्या बॅचचा, कुणी तपासला, किती तास उडालाय, हे सगळं लिहिलेलं असल्याशिवाय तो पार्ट नाहीच, तो नुसता लोखंडाचा तुकडा. मूळ फ्रेंच कारखान्यानं हे हेलिकॉप्टर बनवणं कधीच सोडलं. मग सगळं ओझं आपल्या ओव्हरहॉलवर, आणि तिथून पार्ट यायला उशीर झाला की आम्ही काय करायचो माहितीये? शेजारच्या उभ्या मशीनचा काढायचो. त्याला आमच्यात रॉब करणं म्हणतात.

एक प्रसंग सांगतो, युनिट सांगत नाही. थंडीचे दिवस, उत्तरेला, रात्रीचा पारा शून्याच्या बराच खाली. एका चीताचा ड्रॅग डँपर, म्हणजे पंख्याच्या पात्याचे झटके शोषणारा पार्ट, लीक, सकाळी सहाला सॉर्टी, म्हणजे उड्डाण, स्टोअरमध्ये पार्ट निल. दुसरं मशीन सर्व्हिसिंगला उघडून ठेवलेलं, त्याचा डँपर काढला, इकडे बसवला, ठरलेल्या जोरानं आवळून टॉर्क केला, बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लॉक वायर बांधली. लॉक वायर ग्लोव्हज घालून नीट बांधता येत नाही, म्हणून ग्लोव्हज काढायचे, तीस सेकंद काम, मग बोटं काखेत, परत तीस सेकंद. सुपरवायझरनं टॉर्च मारून प्रत्येक वळसा बघितला. मशीन गेलं, आलं, सगळं ठीक. पण हिशोब बघ, एका बिघाडासाठी दोन मशीन उघडली, काम दुप्पट, आणि माणसाचा हात जिथं जिथं लागतो तिथं तिथं चुकीची जागा तयार होते. जुनं मशीन असं धोकादायक होत जातं, आकाशात एकदम तुटून पडल्यासारखं नाही, हँगरमध्ये थोडं थोडं करून. तुझ्या निबंधात हे कुठंच नाहीये, आणि हेच लिही असं माझं म्हणणं आहे.

दुसरं म्हणजे मार्जिन. चीताला एकच इंजिन. ते आर्टुस्ट इंजिन मुळात ८७० हॉर्सपॉवरचं, पण त्याच्याकडून घ्यायचे साडेपाचशेच्या आसपास, आणि ही सगळी गंमत त्यातच आहे, कारण वर हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद कमी होत जाते, पण इथं आधीच भरपूर शिल्लक ठेवलेली असल्यामुळे बरंच वर जाईपर्यंत फरक पडत नाही. म्हणून तर लामानं, म्हणजे चीताच्या मूळ फ्रेंच मशीननं, २१ जून १९७२ ला १२,४४२ मीटरचा उंचीचा रेकॉर्ड केला. आणि म्हणून १९८४ च्या ऑपरेशन मेघदूतमध्ये आपण सियाचिन ताब्यात घेतल्यानंतर तिथल्या सगळ्यात उंच पोस्ट या मशीनच्या जिवावर जगल्या. पण तिथं वर एका खेपेत कधीकधी रॉकेलचा एखादा जेरीकॅन जातो, बस, तेवढंच वजन झेपतं. आणि ते एक इंजिन बंद पडलं तर खाली उतरायला सपाट जागा लागते, बर्फाच्या भेगांमध्ये ती कुठून आणणार. वर मूळ कॉकपिटमध्ये ना मूव्हिंग मॅप, ना ऑटोपायलट, ढगात शिरलं की पायलटचे डोळे आणि नशीब. आजच्या पायलटला आपण हे देतो, आणि २०१५ च्या सुमारास लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका संरक्षणमंत्र्यांकडे गेल्या ते याचसाठी. त्यांना मशीनचं वय मोजायचं नव्हतं, नवरा संध्याकाळी घरी यायला हवा होता. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

पण इथंच थांब, कारण आता तू म्हणशील की मग नवीन आणलं की प्रश्न मिटला. नाही मिटत. जून २०१३ मध्ये उत्तराखंडच्या पुरात गौरीकुंडजवळ जे पडलं ते रशियन एमआय-१७ व्ही-५ होतं, तेव्हा अगदी नवं कोरं, वीस जण गेले. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरला जनरल रावत आणि बाकीचे गेले तेही व्ही-५, आणि चौकशीत निघालं ते हवामान अचानक बदलून ढगात शिरणं, मशीनमध्ये दोष नव्हता. ऑस्ट्रेलियानं एमआरएच-९० हे युरोपियन हेलिकॉप्टर घेतलं, मॉडर्न मशीन, पण ते इतकं त्रास देत होतं की जुलै २०२३ च्या अपघातात चार जण गेल्यावर ते ठरल्यापेक्षा आधीच बंद केलं आणि त्याच्या जागी अमेरिकन ब्लॅक हॉक आणलं, जे घराणं त्याच्याहून जुनं. नॉर्वेनं तर २०२२ मध्ये त्याच जातीची एनएच-९० परतच करायची ठरवली. आणि आपलं एचएएलचं ध्रुव घे. माझं त्या मशीनवर प्रेम आहे, आपल्या लोकांनी बनवलेलं मशीन, पण ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव पडलं, तीन जण गेले, तिन्ही दलांची आणि कोस्ट गार्डची तीनशेवर ध्रुव एकदम जमिनीवर, आणि मग स्वॉशप्लेटचं, म्हणजे पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या पार्टचं, प्रकरण निघालं. अशा वेळी डोंगरातल्या पोस्टला भाजी, औषध, पत्र कोण नेणार? हाताशी उरतं तेच, जुनं चेतक आणि चीता. म्हणून मी म्हणतो, बदला, पण नवीन मशीन दोन हिवाळे डोंगरात काढल्याशिवाय जुन्याचे टूल भंगारात टाकू नका.

हे आपल्याला जमतं, जमलेलं आहे. एमआय-८ हे व्ही-५ च्याच घराण्यातलं जुनं रशियन हेलिकॉप्टर आठव. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, डिसेंबर २०१७ ला बंगळुरूजवळ येलहंकाला रिटायर झालं. मी तोवर घरी बसलो होतो, पण टीव्हीवर बघताना डोळे भरून आले, त्याच्या पोटाखाली मी किती रात्री काढल्यात. तिथं गोंधळ का नाही झाला? कारण २००८ च्या करारापासून व्ही-५ यायला सुरुवात झालेली, एकूण १५१ आली, एमआय-८ वर शिकलेली पोरं हळूहळू व्ही-५ वर गेली, मूळ घराणं एक असल्यामुळे हात बसायला वेळ लागला नाही, आणि मग जुन्याला निरोप दिला. आधी सून घरात आली, स्वयंपाकघर समजून घेतलं, मग सासूनं चाव्या दिल्या.

हलक्या हेलिकॉप्टरच्या बाबतीत मात्र आपण काय केलं ते लिहून ठेव, हे आकडे पाठ कर. १९७ हेलिकॉप्टरचं टेंडर काढलं, २००७ मध्ये रद्द. २००८ ला परत काढलं, २०१४ ला तेही रद्द. २०१५ ला रशियाशी कामोव्ह-२२६ चा समझोता, २०० मशीन, आजवर एक नाही आलं. दरम्यान एचएएलचं लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर (एलयूएच) सप्टेंबर २०१६ ला उडालं, फेब्रुवारी २०२० ला एअरफोर्ससाठी पहिली मंजुरी, पुढच्या वर्षी आर्मीसाठी, तुमकुरूचा कारखाना २०२३ ला उघडला, तरी युनिट भरून मशीन काही पोचली नाहीत. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं पुन्हा २०० हलक्या हेलिकॉप्टरसाठी माहिती मागवली. १९७ पासून २०० पर्यंत यायला अठरा वर्षं. या अठरा वर्षांत कुणी असा निर्णय घेतला नाही की जुनी मशीनच उडवत राहूया, पण उडत राहिली, आणि रद्द करणाऱ्या कुठल्याच फाइलवर असं लिहिलेलं नसतं की यामुळे अमक्या पायलटला अजून दहा वर्षं जुन्याच मशीनवर उडावं लागेल. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त चीड याची येते. परदेशी घ्या नाहीतर स्वदेशी घ्या, दोन्ही बाजूंना चांगली माणसं आहेत, दोघांचे मुद्दे खरे आहेत, पण वाद घालत बसायची किंमत तिसराच माणूस देतोय.

माझं मत विचारशील तर एलयूएचला जोर लावावा, कारण पार्टचं दुकान आपल्या घरात असेल तर वर सांगितलेलं रॉब करायचं दुखणं निम्म्यानं कमी होईल, आणि ते पूर्ण ताकदीनं येईपर्यंत थोडी बाहेरची घ्यावीत, थोडीच, गरजेपुरती. जुन्यांपैकी सगळी एका दिवशी बंद नको. ट्रेनिंग आणि खालच्या उंचीवरचं काम त्यांना चालेल, पण सियाचिनसारख्या जागेवरून त्यांना पहिल्यांदा मोकळं करा. हे माझं मत झालं, तू तुझं बनव, फक्त बनवताना उंची कुठली, वजन किती, पार्ट कुठून, शिकवणार कोण, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय बनवू नकोस.

ग्रुप डिस्कशनमध्ये कुणीतरी मोठ्यानं म्हणेल की सगळी भंगारात काढा, आणि दुसरा म्हणेल आपल्या टेक्निशियनवर विश्वास ठेवा, ते सांभाळतील. दुसऱ्याला अडव. आम्ही सांभाळलं हे खरं, पण आम्ही सांभाळतो म्हणून नवीन द्यायचं नाही असं होता कामा नये. हे एका फिटरनं सांगितलंय असं बिनधास्त म्हण.

शेवटच्या पानावर तू पायलटचं धैर्य वगैरे लिहिलंयस ते राहू दे, छान आहे, फक्त एक ओळ हँगरबद्दल टाक. ती कशी टाकायची हे कळायला तुला लॉक वायर हातात घ्यावी लागेल. माझ्याकडे घरी थोडी वायर, प्लायर आणि भोकं पाडलेले दोन बोल्ट आहेत. रविवारी सकाळी धानोरीच्या बाजूनं ये, तिकडून ट्रॅफिक कमी लागतं. नऊपर्यंत पोच म्हणजे नाश्ता इथंच होईल, काकू थालीपीठ करणारे. आणि निबंध प्रिंट काढून आण, मोबाइलवर मला नीट दिसत नाही, पेन्सिलनं खुणा करून देतो.

तुझा,
काका