एल-शेपचा सोफा आत्ता घ्यावा का?

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या टू बीएचकेमधून एका वाचकाने विचारलं आहे: १,१०,००० रुपयांचा नऊ बाय सहा फुटांचा एल-शेप सोफा क्रेडिट कार्डाच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर १२ महिन्यांत घ्यावा का? रोख दिले तर दुकानदार १,०२,०००ला द्यायला तयार आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८२,०००. गृहकर्जाचा हप्ता, मुलांची फी, आईची औषधं धरून महिन्याचा खर्च ६८,०००, एसआयपी ४,५००. बँकेत शिल्लक ९०,०००. २०२७च्या सिंहस्थात नातेवाईक मुक्कामी येतील, तोवर हॉल नीट लागावा, अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा.

ही इच्छा मला अजिबात उधळपट्टी वाटत नाही. हॉल हीच घरातली सगळ्यांची मिळून एकमेव जागा असते. तरीही हा सोफा या पद्धतीने घेऊ नका, असंच सांगेन.

तुमच्या आकड्यांप्रमाणे महिन्याला उरतात ९,५००. हप्ता बसतो ९,१६७. म्हणजे वर्षभर दर महिन्याला हातात ३३३ रुपये. त्यात आईंना एकदा दवाखान्यात न्यावं लागलं, की कार्डाचं बिल पूर्ण भरणं अवघड होणार, आणि कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३६ टक्के किंवा त्याहूनही जास्त व्याज लागू शकतं. ९०,००० मोडून रोखीने घ्यायचा विचार तर मनातही आणू नका. तेवढ्या पैशांत तुमचं घर जेमतेम ४० दिवस चालतं. निदान सहा महिने चालायला हवं.

'नो कॉस्ट'बद्दलही बोलायला हवं. रोखीचा भाव ८,००० ने कमी आहे, तर ते ८,००० हेच व्याज. १,०२,०००च्या कर्जावर बारा हप्त्यांत ते वर्षाला साधारण १४ टक्के पडतं, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

आता हॉलकडे बघू. तुम्ही माप १० बाय १६ दिलं आहे. सोफ्याची लांब बाजू १६ फुटांच्या भिंतीला लागेल आणि आखूड बाजू सहा फूट आत येईल. समोर दीड फुटाचं टीव्ही युनिट. मध्ये जायला-यायला राहतात अडीच फूट, आणि बाल्कनीचा रस्ता तोच. आईंचे गुडघे दुखतात असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना वळसा घालून जावं लागेल, शिवाय असे सोफे बरेचदा बुटके आणि खोल असतात, त्यातून उठताना त्रास होतो. बसायची उंची १८ इंचांच्या आसपास हवी. चार दिवस जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं त्या मापात चिकटवून ठेवा आणि आईंना त्याच्या कडेने चालू द्या. घरातल्यांना पटवायला माझ्या आकड्यांपेक्षा ते जास्त कामी येईल.

मुक्कामाच्या पाहुण्यांसाठीही हा सोफा फारसा उपयोगाचा नाही. त्यावर एखाद-दुसरा माणूस झोपेल, बाकीच्यांना गाद्या घालायला मोकळी जमीन लागेल आणि तीच तुम्ही अडवणार. शिवाय कोपरा डावा की उजवा हे या हॉलपुरतं ठरतं. उद्या घर बदललं तर तो तिथे बसेलच असं नाही, विकताना गिऱ्हाईकही सहज मिळत नाही.

मी असं करेन: तुमच्या कोटेशनमध्ये तीन सीटचा भाग सुटा ४६,०००ला आहे. पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला ९,५०० वेगळे बाजूला टाका, पाच महिन्यांत ४७,५०० होतात. तेव्हा तो रोखीने घ्या, आणि रोखीची सवलत मागाच. दिवाळीचा बोनस आला की सगळा शिलकीत टाका. येईपर्यंत तो हिशेबात धरू नका. त्यानंतर सवडीने सुताराकडून खाली सामान ठेवता येईल असा सिंगल दिवाण करून घ्या, दोन-तीन जणांकडून भाव काढून. सोफ्याशी काटकोनात ठेवला की एल-शेप होतो, झोपायला पक्की जागा मिळते आणि पाहुणे आले की सरकवताही येतो.

सोफा घेताना फोमची डेन्सिटी, आतलं लाकूड कोणतं आणि वॉरंटी किती वर्षांची, हे तिन्ही बिलावर लिहून घ्या. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर सोफा तिला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा.