पाच लाख साठ हजारांची काठी

औसा तालुक्यातल्या एका माजी सैनिकाचं पत्र आहे. ईएमईत, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती विभागात, 22 वर्षं फिटर, हवालदार म्हणून निवृत्त, वय 43. हिमाचलात पोस्टिंग असताना एका वयस्कर कर्नलसाहेबांची बांबूची फ्लाय रॉड, म्हणजे मासे पकडायची एक खास काठी, दुरुस्तीला हातात आली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेली नाही. अमेरिकेत अशा काठ्या बनवायला शिकवणारा सात दिवसांचा वर्ग त्यांनी शोधलाय. शिकणारा स्वतः बनवलेली काठी घेऊनच घरी जातो. सगळा खर्च 5 लाख 60 हजार. परत आल्यावर गावात शेड टाकून काठ्या बनवायच्या आणि विकायच्या, असा बेत आहे. ‘सर, हे भांडवल घालू का? मिसेस म्हणते, आधी पोरीचं होऊ द्या.’

गावात तुम्हाला सगळे मेजर म्हणत असतील, म्हणून मीही म्हणतो. मेजर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा फक्त ‘भांडवल’ या शब्दासाठी.

आधी इतर वाचकांसाठी थोडं. आपल्याकडे नाथसागरावर किंवा मांजरा धरणाच्या काठाला गळ टाकून बसतात, तो प्रकार हा नव्हे. फ्लाय म्हणजे पिसं-दोऱ्यांचा खोटा किडा. त्याला वजनच नसतं, म्हणून तो फेकता येत नाही. फेकायची असते जाड दोरी, आणि तिला वेग देते ती वाकून सरळ होणारी काठी. ही काठी अख्ख्या बांबूची नसते. बांबू उभा चिरून त्याच्या सहा पट्ट्या काढतात, प्रत्येक पट्टी तिकोनी तासतात आणि सहाही चिकटवून षटकोन करतात. पट्टीच्या दोनच बाजू तासायच्या. सालीकडच्या बाजूला रंधा लावायचा नाही, कारण बांबूची ताकद असते सालीलगतच्या दाट तंतूंत. मुठीजवळ पट्टीची जाडी साधारण पावणेचार मिलिमीटर, आणि टोकाला येईपर्यंत एक मिलिमीटरही उरत नाही. चूक चालते ती एक-दोन थाऊची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मेजरना सांगायला नको, त्यांनी 22 वर्षं थाऊतच काढलीत.

पत्र आल्यावर मी लातूरच्या गंजगोलाईच्या बाजूच्या एका बुरूडमामांकडून मानवेल बांबूची एक काठी आणली. मामांनी कोयत्यानं ती सहा सेकंदांत दुभंगली. मग मी बसलो. पहिलं पेर सरळ चिरलं, गाठीपाशी चीर वळली आणि एका बाजूची पट्टी सुतळीएवढी होऊन संपली. रंधा लावला तर गाठीवरचे तंतू उलटे उचकटून आले. मामा म्हणाले, ‘सुपाला चालतंय, तुमच्या त्या काठीला नाही चालायचं.’ फी नेमकी कशाची घेतात ते माझ्या अंगठ्याला कळलं.

आता हिशेब. तुमचेच आकडे घेतो. डॉलर 90 रुपयांनी धरून वर्गाची फी 1,44,000. विमान 1,15,000. राहणं, खाणं, तिथला प्रवास 1,10,000. व्हिसा, विमा आणि मुंबईच्या खेपा 31,000. झाले 4 लाख. परत आल्यावर पोलादी साचा, रंधे, भट्टी, व्हार्निशची उभी नळी वगैरे 1,60,000. व्हिसाची फी 185 डॉलर असते आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा. अशा हौशी छोट्या वर्गाला पर्यटक व्हिसा चालतो, आणि वर्षाला 10 लाखांच्या आत पैसे बाहेर पाठवले तर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर) कापत नाहीत. त्या बाजूनं अडचण नाही.

अडचण घरात आहे. तुमच्याकडे 11 लाखांच्या ठेवी आणि पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत 4 लाख. पेन्शन 31,000. ठेवींचं व्याज साडेसहा टक्क्यांनी महिन्याला 5,960, पोस्टाचे 2,467. मिळून 39,400. घरचा खर्च, गृहकर्जाचा हप्ता आणि लेकीची लातूरची खोली धरून जातात 38,000. सोयाबीन मी मुद्दाम धरलेलं नाही. सप्टेंबर 2025 च्या पावसानं मराठवाड्यात काय केलं ते तुमच्या चार एकरांनी पाहिलंय. ठेवीतून 5 लाख 60 हजार काढले की महिन्याचं व्याज 3,000 रुपयांनी घटतं. आज जेमतेम 1,400 उरतात, उद्या 1,600 कमी पडतील. म्हणजे ती काठी दर महिन्याला किराण्याच्या डब्यात हात घालणार.

आणि लेक अकरावीत, नीटच्या तयारीत. लातूरमध्ये राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सरकारी कॉलेज मिळालं तर फी झेपेल, नाही मिळालं तर आकडा कुठं जाईल ते निकालाच्या दिवशीच कळतं. त्या दिवसासाठी 7 लाख बाजूला, अडीअडचणीसाठी अडीच लाख बाजूला. (ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, आहे म्हणून अडीच म्हणतो, नाहीतर चार म्हटलं असतं.) पंधरातून साडेनऊ गेले, राहिले साडेपाच. म्हणजे मोकळा म्हणावा असा सगळाच पैसा काठीत, वर दहा हजार उधारी. मिसेसचं म्हणणं मी यापेक्षा वेगळ्या शब्दांत मांडू शकत नाही.

‘पण सर, काठ्या विकून निघतील ना?’ बघू. तुमच्या यादीप्रमाणे एका काठीचा माल 16,000, विक्री 55,000, पॅकिंग-कुरिअर 4,000. उरतात 35,000. 5 लाख 60 हजार वसूल व्हायला 16 काठ्या. एका काठीला 60 तास धरले, आणि नवख्याला ते कमीच पडतील, तरी 960 तास. वर्षाला पाच विकल्या तर तीन वर्षांहून जास्त. ते पैसे ठेवीतच राहिले तर तीन वर्षांत पावणेसात लाख होतात. तुमचं पावणेनऊ टक्क्यांचं गृहकर्ज अजून फिटायचंय, म्हणजे खरी तुलना ठेवीशी नाही, कर्जाशी आहे. ती आणखी महाग पडते.

शिवाय वर्षाला पाच घेणार कोण? दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासनं आणि 1970 च्या दशकापासून कार्बननं बांबूला बाजूला सारलं. आज बांबूची काठी घेणारा माणूस मासे पकडायला नाही, बनवणाऱ्याचं नाव घ्यायला पैसे मोजतो. तुमचं नाव अजून व्हायचंय. या काठीची मासळी म्हणजे थंड पाण्यातली ट्राउट, आणि भारतात ती मुख्यतः हिमाचल, काश्मीरकडे. आपल्या 42 डिग्रीत ती जगणारच नाही. अमेरिकेला पाठवायचं म्हणाल तर 800 डॉलरच्या आतलं पार्सल तिथं करमुक्त जायचं, ती सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली. तुमची तीन पानांची योजना मुळात त्याच सवलतीवर उभी होती.

एक मोह मात्र मलाही झाला. या काठ्यांना नावाजलेला बांबू टोंकिन, चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला. पण त्याच्या आधी, एकोणिसाव्या शतकात, इंग्लंड-अमेरिकेत काठ्या बनत त्या ‘कलकत्ता’ बांबूच्या, आणि तो म्हणजे आपली मानवेलच, असं साधारण मानतात. किनवटच्या जंगलात उभी असते ती. तुमच्याच तालुक्यातल्या लोदग्याला पाशा पटेलांनी बांबूचं केवढं काम उभं केलंय ते तुम्ही रोज पाहता. मग ‘आपल्या मातीतली काठी’ असं का विकू नये? मेजर, इथं सांभाळा. बनवणारे कलकत्त्यावरून टोंकिनकडे वळले ते त्याचं खोड सरळ, गाठी कमी उठावदार आणि तंतू दाट म्हणून. गिऱ्हाईक आज टोंकिनच मागतं. मानवेलीवर हात बसवा, धंदा उभारू नका.

मी हे वरून बोलत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, मी मधमाशीपालनाचा वर्ग केला. मध विकून फी निघेल असा कागद करून. दुष्काळात फुलंच नव्हती, माश्या निघून गेल्या. पेट्या अजून गच्चीवर आहेत. एकीत बायको जुन्या चपला ठेवते. चूक मधमाश्यांची नव्हती. हौसेचा खर्च मी धंद्याच्या रकान्यात लिहिला होता.

तुमचंही तेच झालंय. 4 लाख ‘भांडवला’तून काढून ‘खर्चा’त लिहा. कुणी चारधामला जातं तेव्हा परतावा विचारत नाही, तुम्हालाही कुणी विचारू नये. 22 वर्षं नोकरी केलीत, एक हौस तुमची आहे. मग प्रश्न एवढाच राहतो: परत न येणारे 4 लाख या वर्षी झेपतात का? नाही. लेकीची अॅडमिशन झाल्यावर, सातातले निम्मे जरी वाचले तरी? झेपतात. तेव्हा जा, आणि मी स्वतः तुम्हाला हैदराबादच्या विमानतळावर सोडायला येईन.

तोवर 60,000 ची मर्यादा घाला, एक रुपया वर नाही. साचा म्हणजे दोन पोलादी पट्ट्या, मध्ये 60 अंशांची खाच आणि दर पाच इंचांवर जवळ-लांब करणारे स्क्रू. तुमच्यासारख्या फिटरनं तो लातूरच्या एमआयडीसीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घ्यावा. विकतच्यापेक्षा स्वस्त पडेल आणि त्यातली खोट तुम्हालाच आधी दिसेल. चांगला रंधा मात्र विकतच घ्या, तिथं काटकसर नको. वर्गाला गेलात तरी हे सगळं कामाला येतंच, उलट हात आधीच बसलेला असला तर सात दिवसांत गुरुजींना विचारायचे प्रश्न तरी शहाणे असतील. एकट्यानं शिकताना चुकीची सवय लागते, ही भीती खरी आहे. पण थाऊ मोजणाऱ्याला चूक लपवता येत नाही.

सोळा काठ्यांचा हिशेब मग पुन्हा करू, तीन बनवून झाल्यावर, आणि तीनपैकी एक तरी अनोळखी माणसानं पैसे देऊन नेल्यावर. भाच्याला दिलेली धरायची नाही.

मानवेल आत्ता घेऊ नका. पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेली घ्या. तेव्हा बांबूत पिष्ट कमी असतं आणि भुंगा कमी लागतो. तीन-चार वर्षांची, सरळ, लांब पेरांची निवडा. सावलीत उभी ठेवून वाळवा. पहिली काठी चिकटवून वाळली की कॅलिपरनं दर पाच इंचांवर तिन्ही बाजूंनी मोजा आणि आकडे मला पाठवा. सोबत 60,000 पैकी किती गेले तो कागद, खाली वहिनींची सही.