आधी अंगणवाडीच्या ओट्यावर जाऊन बसा

ताई, शिरपूर तालुक्यात पहिलीच्या वर्गावर तुमची नवी नेमणूक आहे, अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे, आणि तिथून आलेल्या मुलांना पेन्सिलही धरता येत नाही, तर हे सेविकेला कसं सांगू, असं तुम्ही विचारलंय. मी चोपडा-यावल भागात २२ वर्षं पहिली-दुसरी शिकवली. माझं ऐकाल तर एवढ्यात तिला काही सांगायला जाऊ नका. विचारायला जा.

हे शहाणपण मला चुकीतून आलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी जूनच्या पालकसभेत मी तोऱ्यात बोलून गेले, "अंगणवाडीतून पोरं नुसती खिचडी खाऊन येतात." सेविका मागच्या रांगेत मदतनीसबाईंशेजारी बसली होती. पुढे वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही. वर त्याच महिन्यात तीन आयांनी आपली पोरं पिवळ्या गाडीने इंग्रजी शाळेत धाडली. बाईच नावं ठेवतेय म्हटल्यावर त्यांनी तरी का थांबावं?

तिच्याकडे काय काय कामं आहेत ते बघा. १९७५ मध्ये ही बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीच्या गळ्यात सहा सेवा आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याची चिठ्ठी, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि या पाचांच्या जोडीला पूर्वशालेय शिक्षण. गरोदर बाईच्या नोंदीपासून मूल सहा वर्षांचं होईपर्यंत सगळं तिच्याच वहीत, आता मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्येही. आणि हे पगारावर नाही, मानधनावर. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा केला, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि आपली पहिली-दुसरी एका माळेत आली. पण तिच्या मुख्यसेविका महिला व बालविकासच्या, आपले केंद्रप्रमुख शिक्षण विभागाचे. वरून दोन्ही साहेब एकत्र बसतील याची वाट पाहिलीत तर तुमची पहिली चौथीत जाईल.

आता विचारायचं काय? "अक्षरं कुठवर घेतली?" हे तर मुळीच नाही. एकेका मुलाचं नाव घ्या आणि नुसतं "हा कसा आहे हो?" म्हणा. माझ्या वर्गात एक मुलगी हाक मारली तरी वळायची नाही. मी तिला मंद समजून बसले होते. सेविकेने एका वाक्यात सांगितलं, "उजवा कान वाहतो तिचा, डावीकडून बोला." आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदाच, त्यामुळे असल्या गोष्टी तिला आपल्या आधी कळलेल्या असतात. त्या मुलीला मी पुढे, उजव्या भिंतीकडेला बसवलं. दिवाळीपर्यंत ती वाचायला लागली.

दुसरं भाषेचं, आणि खानदेशात हेच सगळ्यात मोठं. आपण बदलीवर कुठून कुठून येतो, सेविका बहुतेक त्याच गावची. मी डोळ्याचं चित्र दाखवलं, पोरगा म्हणाला "डोया". मी तीनदा म्हटलं, "चूक, डोळा म्हण." त्यानंतर तो महिनाभर वर्गात बोललाच नाही. अहिराणीत काय आणि आमच्या लेवा बोलीत काय, 'ळ'चा 'य' होतो. शाळा म्हणजे शाया, काळा म्हणजे काया. पोरगा चुकला नव्हता, घरचं बरोबर बोलत होता. अंगणवाडीत बघितलं तर ताई डोळ्यावर बोट ठेवून एका दमात म्हणायची, "डोया, डोळा." दोन्ही शब्द, रागावणं नाही. मी तेच उचललं. भिंतीवरच्या तक्त्यात दोन्ही लिहिले आणि 'ळ' शिकवताना "घरी शाया, वहीत शाळा" असा खेळच केला. तुमच्या वर्गात सातपुड्याकडची पावरी बोलणारी मुलं असतील तर सेविकेशिवाय तुमचं पान हलणार नाही. घरचे ऊसतोडीला गुजरातकडे गेले की होळीला कोण परतणार, कोण नाही, हेही तिलाच ठाऊक असतं.

पेन्सिलीचं म्हणाल तर ती बोटांच्या ताकदीची गोष्ट आहे, अंगणवाडीत पाटी गिरवून घेतल्याने येत नाही. आमच्या सेविकेने माझ्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या डोक्याने कापसातून सरकी काढायला पोरांना बसवलं होतं. चिमटीत धरायचं, ओढायचं. शिवाय ज्वारी-मटकी निवडणं, मातीचे बैल करणं. तुम्हीही जूनचे पहिले पंधरा दिवस हेच करा, वही नंतर काढा. आणि त्या दिवसांत वर्गाची सुरुवात अंगणवाडीतल्याच बडबडगीताने करा, तिच्याकडून चालीसकट शिकून घ्या. ओळखीचं गाणं कानावर पडलं की पहिल्या दिवशीचं रडणं निम्म्यावर येतं.

२०२२ पासून 'पहिले पाऊल'चे शाळापूर्व तयारी मेळावे होतात, ते चांगलेच आहेत. फक्त त्या दिवशी अर्धा वेळ फोटोत जातो. त्यापेक्षा मार्च-एप्रिलचे चार शनिवार मोठ्या गटातली मुलं मदतनीसबाईंबरोबर तुमच्या वर्गात तासभर येऊन बसली तर जास्त उपयोग. पण सेविकेला परस्पर बोलावू नका, तिला वरून बोलणी बसतात. मुख्याध्यापकांकडून मुख्यसेविकांना दोन ओळींचं पत्र जाऊ द्या.

पहिल्यांदा जाल तेव्हा वजनं घेण्याचा किंवा लसीकरणाचा दिवस टाळा. पोरं घरी गेल्यावर, दुपारी जा. जाताना वही-रजिस्टर काही नेऊ नका, ती आधीच रजिस्टरांना वैतागलेली असते.