सगळे भाग जुनेच आहेत म्हणून स्लॅब सॉर्टिंग मशीनला पेटंट नाकारता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पॉलिश लाइनवरून आलेला ग्रॅनाइटचा स्लॅब कॅमेऱ्याखालून जातो, शेड, जाडी आणि भेगा पाहून त्याची प्रत ठरते आणि व्हॅक्यूम गँट्री (हवा ओढून धरणाऱ्या कपांनी उचलणारी, वरून सरकणारी क्रेन) तो उचलून त्या प्रतीच्या घोडीवर, म्हणजे स्लॅब उभे ठेवायच्या चौकटीवर, उभा लावते. एफईआरमध्ये, म्हणजे पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालात, परीक्षकांनी दोन जुने दस्तऐवज जोडले आहेत. डी१ मध्ये दगडी स्लॅब उचलणारी व्हॅक्यूम गँट्री आहे, डी२ मध्ये कॅमेऱ्याने सिरॅमिक टाइल निवडणारी लाइन. दोन्ही एकत्र केलं की तुमचं मशीन होतं, म्हणून इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकाराला सहज न सुचणारं पाऊल) नाही, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही विचारताय की असं मशीन आज कुणाकडेच नसताना हा आक्षेप येतोच कसा.

येतो, कारण ‘कुणाकडेच नाही’ हे नावीन्याचं उत्तर आहे. नावीन्य नाकारायचं तर सगळी वैशिष्ट्यं एकाच जुन्या दस्तऐवजात सापडावी लागतात. इन्व्हेंटिव्ह स्टेप तपासताना मात्र दोन-तीन दस्तऐवज एकत्र वाचायला परवानगी असते. पाहायचं एवढंच, की अर्जाच्या तारखेला या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकार माणसाला ते जोडणं सहज सुचलं असतं का. तुमच्या उत्तराचा सगळा भर इथे हवा. गँट्री, कप, कॅमेरा, पीएलसी (मशीन चालवणारा नियंत्रक), घोडी अशी भागांची यादी पुन्हा देऊन ‘हे सगळं एकत्र कुठेच नाही’ असं लिहिलंत, तर परीक्षकांचंच काम सोपं कराल.

आधी कायदा. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) प्रमाणे शोधात उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही हवं, आणि त्यामुळे तो जाणकाराला उघड वाटणार नाही असा हवा. इथला ‘आणि’ बरेच अर्जदार विसरतात. मशीनमुळे चार मजूर वाचले, तुटफूट कमी झाली, हे आर्थिक महत्त्व झालं. तेवढ्यावर भागत नाही, उघड नसणं वेगळं दाखवावंच लागतं. तुमच्यासारख्या अर्जांत कलम ३(एफ) सुद्धा बहुधा सोबत येतं. ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा संख्या वाढवणं, ज्यात प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे आपलं जुनंच काम करतं, ते शोध मानलं जात नाही. ‘स्वतंत्रपणे’ हा त्यातला कळीचा शब्द.

सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल यंत्रांच्या बाबतीत आजही पायाभूत आहे. भांडी लेथवर धरून घासण्या-पॉलिश करण्याच्या पद्धतीचं ते पेटंट होतं. न्यायालयाने ते टिकू दिलं नाही. वर्कशॉपमधला कुशल कारागीर नेहमीच्या कामात करतो त्या सुधारणेपलीकडे काहीतरी हवं, ही कसोटी तिथून आली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रॉश विरुद्ध सिप्ला प्रकरणात तिच्या पाच पायऱ्या मांडल्या: जाणकार माणूस कोण ते ठरवा, शोधाचा गाभा सांगा, त्या तारखेचं सर्वसाधारण ज्ञान त्या माणसाला द्या, फरक शोधा, आणि उत्तर माहीत असल्याचा फायदा न घेता तो फरक उघड होता का ते ठरवा. उत्तर याच क्रमाने लिहा. वाचणाऱ्यालाही सोपं जातं.

आता तुमच्या मशीनकडे. त्यात जे नक्की उघड आहे ते आधी मान्य करून टाका. हायड्रॉलिकऐवजी सर्वो, सहा कपांऐवजी बारा, बारकोडऐवजी आरएफआयडी, वीज गेली तर पकड टिकावी म्हणून राखीव टाकी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, एका घोडीऐवजी पाच घोड्या: यातलं काहीही तुम्हाला वाचवणार नाही. ‘टाइल आणि स्लॅब ही वेगळी क्षेत्रं आहेत’ हाही मुद्दा एकटा कमकुवत आहे. दोन्ही पातळ, कठीण, ठिसूळ चकत्या. जाणकाराने तिकडे पाहिलं असतं असं परीक्षक म्हणतील आणि ते रास्त असेल.

पण टाइलकडून स्लॅबकडे येताना काय अडतं, ते आकड्यांत दाखवलंत तर चित्र पालटतं. ६०० बाय ६०० ची टाइल सात-आठ किलोची असते. ती पट्ट्यावरून ढकलता येते, एकावर एक रचता येते. ३ मीटर बाय १.८ मीटर, २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट स्लॅब घनता २.७ धरून सुमारे २९० किलो भरतो, म्हणजे २,८४५ न्यूटन. आडवा उचलताना कपांच्या ओळीबाहेर ७५ सेंटीमीटर भाग लोंबत असेल तर स्वतःच्या वजनाने त्या ओळीपाशी साधारण २.२ मेगापास्कल ताण येतो. लोंबणारी लांबी एक मीटर केली तर ४ होतो, कारण ताण लांबीच्या वर्गाने वाढतो. धडधाकट ग्रॅनाइट हे सहज सोसतो. इपॉक्सी भरलेली नैसर्गिक भेग नेमकी त्याच ओळीत आली आणि गँट्रीने उचलताना हिसका दिला, तर स्लॅब तिथेच दुभंगतो. डी२ मधल्या टाइलला ही अडचणच नाही, म्हणून त्यातला कॅमेरा भेग पाहून टाइलला फक्त खालच्या प्रतीत टाकतो. डी१ मधल्या गँट्रीला भेग कुठे आहे हे कळतच नाही.

तुमच्या वर्णनात एक वाक्य आहे, ज्याला तुम्ही स्वतःच फारसं महत्त्व दिलेलं नाही: कॅमेऱ्याने काढलेल्या भेगांच्या नकाशावरून कोणते कप चालू ठेवायचे ते उचलण्याआधी ठरतं. माझ्या मते पेटंट मिळालं तर याच वाक्यावर मिळेल. कॅमेरा इथे प्रत ठरवून थांबत नाही, तो पकड बदलतो. म्हणजे भाग स्वतंत्रपणे काम करत नाहीत आणि ३(एफ) चा आक्षेपही इथेच ढिला पडतो.

तरी परीक्षकांचा पुढचा प्रश्न आत्ताच ओळखून ठेवा. भेगेवर आलेला कप हवा ओढतो, व्हॅक्यूम पडतो, म्हणून गळणारा कप आपोआप बंद करणारे व्हॉल्व्ह व्हॅक्यूम लिफ्टरमध्ये जुने आहेत. काच आणि प्लायवुडच्या यंत्रांत मालाच्या मापाप्रमाणे कपांचे गट चालू-बंद करणंही जुनं आहे. डी३ म्हणून यातलं काहीतरी पुढे येऊ शकतं. फरक नेमका सांगा: जुन्या व्हॉल्व्हमध्ये कप टेकल्यावर गळती कळते आणि तेवढाच कप बंद होतो. तुमच्याकडे टेकण्याआधी ठरतं, आणि न गळणारा कपही बंद होऊ शकतो, कारण तो भेगेवर वाकण आणतो. यावर कुणी म्हणेल, भेगेजवळ भार देऊ नये हे कोणताही इंजिनिअर जाणतो. खरं आहे. दोन आधार टोकांपासून लांबीच्या सुमारे ०.२०७ पट आत ठेवले की वाकण कमीत कमी होतं, हे तर पाठ्यपुस्तकातलं गणित.

म्हणून एक पायरी आणखी खाली उतरा. कप बंद करणं सुरक्षिततेच्या विरुद्ध जातं, आणि तुमच्या मशीनमधला खरा पेच तिथे आहे. २०० मिलिमीटर व्यासाचा कप ६० किलोपास्कल फरकावर सुमारे १,८८५ न्यूटन धरतो. बारा कपांचे २२,६२० झाले. आडव्या स्लॅबला दुपटीच्या सुरक्षेने ५,६९० लागतात, म्हणजे चार कप पुरतात आणि आठ बंद ठेवता येतात. स्लॅब घोडीवर लावायला उभा केला की वजन घर्षणावर येतं. घर्षणांक कोरड्या दगडावर ०.५ धरला तर ११,३८० न्यूटन लागतात, म्हणजे किमान सात कप. आता पाचच बंद ठेवता येतात. पॉलिश लाइनचं पाणी राहून तो ०.२५ वर आला तर २२,७६० लागतात आणि बाराही कप कमी पडतात. आडवं उचलताना निवडलेले चार कप उभं करताना चालतच नाहीत. भेग वाचवायची तर पकड जाते, पकड ठेवायची तर भेगेवर भार येतो.

हा पेच तुमचं मशीन कसं सोडवतं ते क्लेममध्ये, म्हणजे अर्जातल्या हक्क सांगणाऱ्या वाक्यांत, आलं पाहिजे. उभं होताना कोनाप्रमाणे बंद कप ठराविक क्रमाने चालू होतात का? स्लॅब उभा होत जाईल तसं स्वतःच्या वजनाचं वाकण कमी होतं, म्हणून तेव्हा भेगेजवळचा कप चालू करणं परवडतं, हा तर्क सुंदर आहे आणि डी१-डी२ मध्ये त्याचा मागमूस नसेल. की खालच्या कडेला आधार येतो? की उरलेली पकड दुपटीपेक्षा कमी भरली तर मशीन वेग उतरवतं किंवा उचलायला नकार देतं? तुमच्या मूळ वर्णनात यातलं जे लिहिलेलं आहे तेवढंच वापरता येईल. कलम ५९ प्रमाणे दुरुस्तीने मूळ अर्जात नसलेली गोष्ट आत आणता येत नाही, आणि दुरुस्त क्लेम आधीच्या क्लेमच्या व्याप्तीतच राहावा लागतो.

क्लेमचा रोख साधारण असा ठेवा: नियंत्रक प्रतिमेतून भेगेची रेषा काढतो, आडवं उचलण्यापूर्वी त्या रेषेपासून ठराविक अंतरातल्या कपांचे व्हॉल्व्ह बंद ठेवतो, फिरवताना कलाच्या कोनानुसार लागणारी पकड मोजून ते व्हॉल्व्ह क्रमाने उघडतो. शेड, जाडी, घोड्यांची संख्या हे सगळं खालच्या अवलंबित क्लेममध्ये ढकला. मुख्य क्लेम ‘कोणता स्लॅब कुठल्या घोडीवर आधी लावायचा याची गणना’ एवढ्यावर उभा असेल तर कलम ३(के), म्हणजे अल्गोरिदमचा आक्षेप येईल. गणनेने व्हॉल्व्ह प्रत्यक्ष हलतो, हे क्लेमच्या वाक्यातच दिसू द्या.

जाडी मोजण्याबद्दलही वर्णनात पाहा. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर लेझर आरशासारखा परावर्तित होतो आणि सेन्सरला परत मिळत नाही. संगमरवर आणि क्वार्ट्झमध्ये तो थोडा आत शिरून पसरतो, म्हणून वाचन सरकतं. यावर तुम्ही काही वेगळा उपाय केला असेल तर तो दुसरा आधार होऊ शकतो. नुसतं ‘लेझरने जाडी मोजतो’ याला किंमत नाही.

डी१ पूर्ण वाचा, फक्त सारांश नको. सगळे कप एकाच सामाईक लाइनवर आणि कायम चालू असावेत, असं त्यात सुरक्षिततेसाठी सांगितलेलं असेल, तर तो दस्तऐवज वाचणाऱ्याला तुमच्यापासून दूर नेतो. हा मुद्दा परिच्छेद क्रमांकासह लिहा, तो वजनदार ठरतो. आणि अहवालात ‘डी१ व डी२ वरून उघड’ एवढंच लिहून का जोडायचं ते सांगितलं नसेल, तर दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२२ चा अ‍ॅग्रिबोर्ड इंटरनॅशनलचा निकाल दाखवा. जुन्या ज्ञानात काय आहे, अर्जात काय आहे, आणि जाणकाराला ते उघड कसं झालं असतं, या तिन्हींची चर्चा नाकारण्याच्या आदेशात हवी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

उत्तर लिहिण्याआधी स्वतः शोध घ्या. फक्त ‘स्टोन स्लॅब’ टाकून शोधलंत तर जवळचे दस्तऐवज निसटतात. पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने जा: काचेसारख्या नाजूक पत्र्यांसाठी बी६५जी ४९/०६, सक्शन ग्रिपरसाठी बी६५जी ४७/९१, क्रेनला लावायच्या सक्शन उपकरणांसाठी बी६६सी १/०२, रंगावरून निवडीसाठी बी०७सी ५/३४२. काचेच्या वर्गात सर्वात जास्त सापडेल. जवळचा दस्तऐवज परीक्षकांच्या आधी तुम्हाला सापडला तर क्लेम किती आवळायचा ते ठरवता येतं.

चाचणीचे आकडे जोडा. एकाच ब्लॉकमधले भेगाळ स्लॅब, अर्धे सगळे कप चालू ठेवून आणि अर्धे तुमच्या पद्धतीने उचललेले, किती तुटले, वेग आणि व्हॅक्यूम दोन्हीकडे तेवढाच. ते प्रतिज्ञापत्रावर द्या. परिणामाचा उल्लेख मूळ वर्णनात असेल तर हे आकडे त्याला दुजोरा देतात, नसेल तर फारसे उपयोगी पडत नाहीत. विक्री चांगली झाली, ग्राहक खूश आहेत, ही पत्रं शेवटी जोडा. ती एकटी पुरत नाहीत.

परदेशातही अर्ज असेल तर तिथला कल लक्षात घ्या. अमेरिकेत २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालानंतर ज्ञात भाग जोडून अपेक्षितच परिणाम मिळत असेल तर शोध उघड धरला जातो. युरोपात जाणकाराने तसं ‘केलं असतं का’ हे पाहतात, ‘करू शकला असता का’ हे पुरत नाही. वरचा पेच दोन्हीकडे कामाला येतो.

मुदत सांभाळा. अहवालाच्या तारखेपासून ६ महिने मिळतात, ते संपण्याआधी मुदतवाढीचा फॉर्म ४ भरला तर आणखी ३. सुनावणी लागली तर ती झाल्यापासून १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. महाराष्ट्र किंवा गोव्यातून अर्ज असेल तर तो मुंबई कार्यालयाकडे असतो. सुनावणीला पेटंट एजंटबरोबर मशीन डिझाइन करणारा माणूस बसवा, कारण ‘कप बंद केल्यावर स्लॅब पडत का नाही’ हा प्रश्न येणारच आणि त्याचं उत्तर त्यालाच नीट देता येईल.

एक गोष्ट आजच तपासा. अर्जाच्या तारखेआधी मशीनचा व्हिडिओ यूट्यूबवर किंवा व्यापारी प्रदर्शनात दाखवला होता का? प्रदर्शनांच्या बाबतीत कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच आहे. बाकी ठिकाणी दाखवलेलं तुमचंच मशीन तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. आणि कोनाप्रमाणे कप उघडण्याची सुधारणा मूळ अर्जानंतर केलेली असेल तर ती या उत्तरात कोंबू नका. मुख्य अर्ज चालू असताना कलम ५४ खाली पेटंट ऑफ अ‍ॅडिशन (मुख्य शोधातल्या सुधारणेसाठीचं जोड पेटंट) मागता येतं, आणि फक्त तुमच्या मुख्य शोधाच्या तुलनेत इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही या कारणावरून ते नाकारता येत नाही. बाकी जगातल्या जुन्या ज्ञानाशी तुलना मात्र तिथेही होईल.