मॉरिस मायनर घेताय? आधी गाडीखाली शिरा

बर्मिंगहॅमजवळ १९६४ ची चार दारांची मॉरिस मायनर १००० पाहिलीत, रंग ताजा आहे, इंजिन झटक्यात सुरू होतं, तर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

इंजिनाची मला सगळ्यांत कमी काळजी. १०९८ सीसीचं ए-सिरीज इंजिन आहे, सुटे भाग इंग्लंडात आजही सहज मिळतात. भीती वाटते ती ताज्या रंगाची, कारण त्याखाली गंज लपलेला असू शकतो. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. तेव्हा टॉर्च घेऊन खाली शिरा. जॅक लावायच्या जागा, गिअरबॉक्सखालचा आडवा पत्रा, मागचे पाटे जिथे जोडलेत ती जागा, सगळीकडे बोटांनी दाबून बघा. ठिगळावर ठिगळ दिसलं तर सरळ परत या. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचं तेल दाबणारा पंप, ड्रायव्हरच्या पायाखाली असतो, म्हणून तिथला गालिचा उचलून ओल आहे का तेही पाहा.

आता मुख्य गोष्ट, पुढच्या चाकांचे ट्रनियन. चाक ज्या उभ्या पिनवर वळतं, ती खाली आट्यांनी ट्रनियनमध्ये बसते. ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात आणि एक दिवस पिन निसटते. माझ्या पहिल्या मायनरचं डावं चाक असंच पार्किंगमध्ये वळताना दुमडलं. मागे मुलगी बसली होती. आदल्याच दिवशी आम्ही मोटरवेवरून आलो होतो! विकणाऱ्याने ‘नुकतंच ग्रीस भरलंय’ म्हटलं होतं. नंतर पाहिलं तर निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर, रंगाचा अख्खा थर. तुम्ही ते निपल आधी बघा. मी आता दर हजार मैलांना चाक उचलून ग्रीस भरतो, चुकवत नाही.

एवढं सगळं ठीक निघालं तर मात्र सोडू नका. बॉनेटच्या मधोमध सपाट पट्टी दिसेल. नमुना गाडी अरुंद वाटली म्हणून तिचा आराखडाकार अ‍ॅलेक इसिगोनिसने ती मधोमध कापून चार इंच रुंद केली, तिची ती खूण. ती रुंदी आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग, यामुळे १९४८ च्या आराखड्याची ही गाडी वळणावर आजही इतकी हलकी वाटते.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटीची, म्हणजे ब्रिटनमधल्या वार्षिक सुरक्षा तपासणीची, सहसा सक्ती नसते. तरी पैसे देण्याआधी ती करूनच घ्या, आणि त्या वेळी स्वतः हजर राहा.