मिरजेहून प्रश्न : इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सला अर्ज करू का?

प्रश्न : ताई, मी मिरजेची. शाळा मराठी माध्यमाची, पुढे शिवाजी विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम.ए. आणि मग बी.एड. संध्याकाळी नर्सिंगच्या मुलींना बोलायचं इंग्रजी शिकवते. त्यांतल्या बऱ्याच जणी परदेशी जाण्यासाठी आयईएल्ट्स नाहीतर ओईटी या इंग्रजीच्या परीक्षा देणार आहेत. मला केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स करायचाय. पण अर्जासोबत भाषेचे प्रश्न सोडवून द्यायचे, मग मुलाखत. माझे उच्चार ऐकूनच नाही म्हणतील अशी धास्ती वाटते. पुतण्या म्हणतो, त्या प्रश्नांची उत्तरं नेटवर मिळतात. नाहीतर दोन हजारांत १२० तासांचं ऑनलाइन सर्टिफिकेट मिळतं, तेच घे. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : अर्ज करा. आणि उत्तरं स्वतःच लिहा, अगदी चुकली तरी. घरी बसून, व्याकरणाची पुस्तकं उघडून तो पेपर सोडवायला साधारणपणे मुभा असते, त्यामुळे तिथे पाठांतर कोणी तपासत नाही. मुलाखत घेणारा प्रशिक्षक तुमचाच कागद समोर ठेवून विचारतो, 'हे असं का लिहिलंत?' उसनं उत्तर तिथे उभं राहत नाही.

एक नमुना घ्या. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे.' यात काय चुकलं आणि विद्यार्थ्याला कसं समजावाल? पुष्कळ उमेदवार लिहितात, 'प्रेझेंट परफेक्ट चुकला, सिंपल पास्ट हवा.' हे बरोबर आहे, पण अर्धंच. तुमची विद्यार्थिनी ही चूक का करते ते तुम्हाला आतून माहीत आहे. आपण सहज म्हणतो, 'मी त्यांना काल पाहिलं आहे.' मराठीत 'काल' आणि 'आहे' एका वाक्यात सुखाने नांदतात. इंग्रजीत घडून गेलेली नेमकी वेळ सांगितली की 'हॅव' चालत नाही. हे लिहा. त्याखाली लिहा की फळ्यावर एक आडवी रेघ काढून 'आज' आणि 'काल' कुठे येतात ते दाखवाल, आणि मग दोन छोटे प्रश्न विचाराल : 'कधी पाहिलं ते वाक्यात सांगितलंय का? तो दिवस संपला का?' अशा प्रश्नांना त्या कोर्समध्ये कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन्स म्हणतात. 'समजलं का?' असं विचारलं की सगळा वर्ग 'हो' म्हणतो आणि आपल्याला काहीच कळत नाही, म्हणून ते विचारायचे. उत्तरात असे प्रश्न दिसले की प्रशिक्षकाला कळतं, या बाईंच्या डोळ्यांसमोर वर्ग आहे.

मी पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना शिकवत असे. येमेनच्या एका मुलाचं 'पार्किंग' दर वेळी 'बार्किंग' व्हायचं, कारण अरबीत 'प' नाही. आपल्याकडे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोघांचं काम एकटा 'व' करतो. इंग्रजी जिला कष्टाने शिकावं लागलं, तिला या जागा चटकन सापडतात. मराठी माध्यम ही तुमच्या अर्जातली जमेची बाजू आहे, ती दडवू नका.

उच्चारांचं म्हणाल, तर सेल्टासाठी इंग्रजी मातृभाषा असावी लागत नाही. युरोपीय मोजपट्टीवर सगळ्यांत वरच्या सी-२ किंवा तिच्या खालच्या सी-१ मधल्या वरच्या पातळीचं इंग्रजी मात्र लागतं, आणि ते खरोखर लागतं. मिरजेची ढब राहू दे. शब्दातला आघात, म्हणजे कुठे जोर द्यायचा ते, तेवढा पक्का करा. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) असतो, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर सरकतो. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही म्हणून आपला कान तिकडे जात नाही, आणि भाषेच्या प्रश्नांत हे अनेकदा विचारतात. रोज वर्गात येणारे दहा-वीस शब्द शब्दकोशात पाहून आघात लिहून काढा. तुमच्या मुलींनाही ती यादी उपयोगी पडेल.

आता पुतण्याच्या सर्टिफिकेटविषयी. अशा सर्टिफिकेटवर बहुधा 'टेफल' (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं) असं लिहिलेलं असतं, पण ते नाव कोणाच्या मालकीचं नाही. १२० तासांचा शिक्का कुठलीही संस्था मारू शकते. म्हणून एकच गोष्ट विचारा : खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आहे का, आणि ते पाहायला कोणी बसणार आहे का? सेल्टात किमान १२० तास प्रशिक्षकांसोबत जातात, त्यांत सहा तास तुम्ही प्रत्यक्ष शिकवता आणि प्रत्येक पाठावर अभिप्राय मिळतो. आणखी सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग पाहायचे. ७५० ते १,००० शब्दांचे चार लेखी स्वाध्याय असतात. शेवटी परीक्षा नसते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या सर्टटीसॉल या सेल्टासारख्याच कोर्समध्येही सहा तासांचे सराव पाठ आहेत, आणि त्यात तुम्हाला मुळीच न येणाऱ्या एका भाषेचे धडेही घ्यावे लागतात, विद्यार्थ्याच्या बाकावर बसायला मिळावं म्हणून. मला ती कल्पना फार आवडते. दोन हजारांच्या सर्टिफिकेटमध्ये बहुधा तुम्ही एकट्याच पडद्यासमोर असता. हैदराबादच्या इफ्लूमध्येही (इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ) इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. कॉलेजच्या नोकरीकडे डोळा असेल तर तोही पाहा. शाळेच्या नोकरीत बी.एड.ची जागा मात्र सेल्टा घेत नाही.

'हा कोर्स का करायचा आहे?' या रकान्यात 'मला अध्यापनाची आवड आहे' असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. तुमच्या वर्गातला एक पाठ सांगा. समजा, रुग्णाला दुखणं कुठे आणि कसं आहे हे विचारायला शिकवताना मुली कुठे अडल्या, तुम्ही काय केलंत, काय जमलं नाही. त्या एका परिच्छेदाचं वजन डिग्र्यांच्या यादीहून जास्त.

मुलाखतीत टीका कशी घेता, हे जवळपास नक्की विचारतील. हा प्रश्न बी.एड. झालेल्यांनी मनावर घ्यावा. आपलं पाठ टाचण बहुतेक शिक्षकाच्या तोंडून निघणाऱ्या वाक्यांचं असतं. इथे उलट मोजमाप होतं : तुम्ही किती कमी बोललात आणि विद्यार्थी आपापसांत किती बोलले. वर्षानुवर्षं साठजणांच्या वर्गात आवाज चढवून शिकवलेल्या बाईला पहिल्याच पाठानंतर, सोबतच्या विशी-पंचविशीतल्या उमेदवारांसमोर, 'तुम्ही फार बोलता' असं ऐकावं लागतं. ते ऐकून दुसऱ्या दिवशी पाठ बदलायची तयारी असेल तर तसं मुलाखतीत स्पष्ट सांगा.

पूर्ण वेळचा कोर्स चार-पाच आठवड्यांचा असतो आणि त्यात संध्याकाळचा वर्ग चालवणं शक्य नाही. मुलींच्या परीक्षा तोंडावर असतील तर काही महिने चालणारा अर्धवेळ कोर्स घ्या, ऑनलाइनही मिळतो. शुल्क केंद्रागणिक बदलतं. पैसे भरण्याआधी केंद्राचं नाव केंब्रिजच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे ना ते पाहा, आणि हप्ते चालतात का, मध्येच सोडावं लागलं तर किती रक्कम परत मिळते, हे लेखी विचारून घ्या.