बोल्डर सिटीतली घरं कोणाला मिळाली?

प्रश्न : काका, नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही भाच्याकडे अमेरिकेला गेलो होतो. लास वेगासजवळचं हूवर धरण बघून परतताना त्याने बोल्डर सिटी नावाचं छोटं गाव दाखवलं. भर वाळवंटात झाडं, हिरवळ, बैठी घरं, आणि जुगाराचा अड्डा औषधालाही नाही. "मामी, हे धरणाच्या मजुरांसाठी बांधलेलं गाव," असं तो म्हणाला. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलंय. शेजारच्या साइटवर मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. आपल्याकडे त्यांच्यासाठी असं काही का होत नाही? आम्ही सभासद काही करू शकतो का?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, भाच्याने सांगितलं ते खरं आहे, पण ती गोष्ट मधूनच सुरू होते. गाव उभं राहायच्या आधी तिथे माणसं मेली. ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

धरणाचा कायदा १९२८ च्या डिसेंबरात झाला. गावाचा नकाशा काढायला सरकारने साको डीबोअर या डेन्व्हरच्या नगररचनाकाराला नेमलं. मूळचा हा डच माणूस. त्याने टेकडीच्या माथ्यावर सरकारी कचेरी ठेवली आणि तिथून खाली पंख्यासारखे रस्ते सोडले, मध्ये मोकळी हिरवी जागा. खर्चामुळे त्यातलं बरंच छाटलं गेलं, तरी माथ्यावरची कचेरी आणि पंख्याचा आकार राहिला. म्हणजे गाव कागदावर होतं.

पण मंदीचे दिवस होते. लोकांना लवकर काम मिळावं म्हणून राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी धरणाचं काम ठरल्यापेक्षा सहा महिने आधी, १९३१ च्या मार्चमध्येच सुरू करायला लावलं. त्याआधीच देशभरातून बेकार माणसं बायकामुलांसह तिथे येऊन बसली होती. घरं तयार नव्हती. मग नदीकाठच्या ओसाड पट्ट्यात तंबू, पुठ्ठे, गोणपाट यांची वस्ती पडली. तिचं नावच पडलं रॅगटाउन, चिंध्यांचं गाव. प्यायला कोलोरॅडोचं गढूळ पाणी. त्या उन्हाळ्यात दुपारचा पारा सरासरी ४८ अंशांच्या वर होता. २५ जून ते २६ जुलै या एका महिन्यात मजूर आणि काठावर राहणारी माणसं मिळून १६ जण उष्माघाताने गेले.

ऑगस्टमध्ये नदी वळवण्यासाठी खणल्या जाणाऱ्या बोगद्यांतल्या काही मजुरांचा रोज कापला गेला आणि संप झाला. मागण्या वाचल्या की पोटात कालवतं: रोजाबरोबरच स्वच्छ पाणी, थंड पाणी, धड संडास. संप आठवडाभरात मोडला. ठेकेदार होता सिक्स कंपनीज हा सहा कंपन्यांचा गट. त्यांचा मुख्य साहेब फ्रँक क्रो याने मागण्या धुडकावल्या, पण त्यानंतर घरांच्या कामाला वेग आला आणि १९३२ च्या वसंतापर्यंत रॅगटाउन बहुतेक रिकामं झालं.

तुम्ही पाहिलंत ते गाव हे. माथ्यावर सरकारी अधिकाऱ्यांची विटांची घरं, खाली मजुरांची एक ते तीन खोल्यांची लाकडी घरं, एकट्या पुरुषांसाठी सामायिक बराकी. जुगाराचंही सांगतो. १९३१ च्या मार्चमध्ये धरणाचा ठेका दिला गेला आणि त्याच महिन्यात नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला. दमलेल्या माणसाचा पगार तिकडे जाऊ नये म्हणून केंद्र सरकारने गाव आपल्या ताब्यात ठेवलं. वेशीवर फाटक होतं, आत जायला परवाना लागे. सिम्स इली नावाचा कडक व्यवस्थापक दारू सापडली की माणसाला हाकलून देई. गावाला स्वतःचा कारभार मिळाला १९६० साली, दारूविक्रीला परवानगी १९६९ मध्ये, आणि जुगार अजूनही बंद आहे.

आणि घरं सगळ्यांना नव्हतीच. हजारो मजुरांत काळे मजूर मोजकेच घेतले, त्यांना गावात राहू दिलं नाही. ते लास वेगासहून रोज ये-जा करत. चिनी माणसाला कामावर घ्यायचंच नाही, असं करारातच लिहिलेलं होतं. हेही त्या हिरवळीखाली आहे.

आता आपल्याकडचं. मी ३५ वर्षं मुंबईत साइटवर काढली. कांदिवलीच्या माझ्या पहिल्या साइटचा लेआउट मीच काढला होता. सिमेंटचं गोडाऊन, सळईचं यार्ड, मिक्सर, ऑफिस, गेट, सगळं मोजून दाखवलं. मजुरांच्या खोल्या त्या कागदावर नव्हत्या. मुकादमाने उरलेल्या कोपऱ्यात पत्रे ठोकले. सिमेंटला ओल लागू नये म्हणून गोण्यांखाली जमिनीपासून वर उचललेल्या फळ्या होत्या. माणसं नुसत्या मुरुमावर झोपत होती. मे महिन्यात एक बिगारीण दुपारच्या सुट्टीत जेवण सोडून पत्र्यावर ओली गोणपाटं टाकताना मी पाहिली. आत झोळीत तिचं मूल होतं. पत्र्याला हात लावून बघितला, लगेच मागे घ्यावा लागला. ठेकेदाराकडे मी दोनदा बोललो, त्याने "काम संपलं की जायचेत ते" एवढंच उत्तर दिलं. मी तिसऱ्यांदा बोललो नाही. ते मला आजही सलतं.

"जायचेत ते" हे बोल्डर सिटीलाही लागू होतं. ती लाकडी घरं धरणापुरतीच बांधली होती. धरण १९३५ मध्ये पुरं झालं, पुष्कळ माणसं निघून गेली, तरी त्यातली कितीतरी घरं आज उभी आहेत आणि त्यांत लोक राहतात. तात्पुरतं घरसुद्धा नीट बांधता येतं, ताई.

आपल्याकडे बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा आला. त्याच्या कलम ३४ ने मजुरांना कामावर ठेवणाऱ्या मालकावर जबाबदारी टाकली: काम चालू असेपर्यंत साइटच्या आत किंवा शक्य तितक्या जवळ फुकट तात्पुरती निवासव्यवस्था, आणि तिथे स्वयंपाकाची, अंघोळीची, धुण्याची, संडासाची वेगळी सोय. वाईट कायदा नव्हता तो. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पण आत जाऊन बघणारं कोणी लागतं, आणि तुम्ही सभासद ते करू शकता.

विकासकाशी करार व्हायच्या आधी साइटचा लेआउट मागा. त्यात मजुरांच्या खोल्या कुठे आहेत ते विचारा. नसतील तर दाखवल्याशिवाय सही करू नका. तेव्हा तुमच्या शब्दाला वजन असतं, नंतर राहत नाही. जमीन कोबा करून उचललेली हवी, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी. बायकांचे संडास वेगळे, आतून कडी असलेले, रात्री दिवा असलेले. पिण्याच्या पाण्याची टाकी क्युरिंगच्या, म्हणजे नव्या सिमेंटकामावर मारायच्या पाण्याच्या, टाकीपासून वेगळी. आणि पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर. एवढं करारात लिहून घ्या, आणि काम सुरू झालं की मे महिन्यात दुपारी दोन वाजता एकदा त्या खोलीत जाऊन बसून या.